तळ मऊ लागण्याआधी

अमेरिकेतल्या कॅम्पर ट्रेलरमध्ये सोफ्याखालचा किंवा जेवणाच्या टेबलाखालचा तळ पायाला मऊ लागू लागला, की बहुतेकांची नजर आधी छताकडे जाते. छत कोरडं असतं, खिडक्याही कोरड्या असतात आणि तरी बाहेरच्या भिंतीलगतचं व्हिनाइल अंगठ्याने दाबलं की आत जातं. आमच्या ट्रेलरमध्ये नेमकं हेच झालं. पाणी वरून आलंच नव्हतं. ते स्लाइड-आउटच्या बाहेरच्या खालच्या कडेतून शिरलं होतं.

मुक्कामाला पोचल्यावर बटण दाबायचं आणि भिंतीचा एक भाग बाहेर सरकवून खोली रुंद करायची, ही स्लाइड-आउटची सोय इंडियानातल्या न्यूमार कंपनीने १९९० मध्ये मोटरहोममध्ये आणली. आता साध्या ट्रेलरलाही अनेकदा एखादी तरी स्लाइड असते. पण स्लाइड म्हणजे भिंतीला पाडलेलं भलंमोठं भोक. ते बंद ठेवण्याची भिस्त रबरी सीलवर असते, आणि रबर उन्हाने कडक होतं, कोपऱ्यात फाटतं.

पाण्याची वाट समजून घेतली की निम्मं काम होतं. पाऊस बाहेरच्या भिंतीवरून ओघळत खाली येतो. घराच्या छपराला पागोळ्या गळण्यासाठी पुढे आलेली कड असते. अनेक स्लाइडना खाली तशी कड नसते. मग पाणी टपकून जमिनीवर पडत नाही, ते कडेला चिकटून वळतं आणि तळाच्या खालच्या बाजूने आत सरकतं. तिथे स्टेपलच्या पिनांची आणि स्क्रूंची भोकं असतात. त्यातच पुष्कळ ट्रेलरमध्ये तळ ओएसबीचा, म्हणजे लाकडाच्या चपट्या तुकड्यांना राळेने दाबून केलेल्या फळीचा असतो. ती सपाट बाजूने बऱ्यापैकी टिकते, कापलेल्या कडेने मात्र पाणी शोषते, आणि एकदा फुगली की वाळल्यावरही पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

फळीच्या खाली काळा विणलेला प्लास्टिकचा कागद ताणून बसवलेला असतो. रस्त्यावरचं उडणारं पाणी तो अडवतो, पण आत शिरलेलं पाणीही तोच धरून ठेवतो. आमच्याकडे तो कापला तेव्हा पिना गंजून तुटलेल्या होत्या आणि कडेचा ओएसबी भिजलेल्या पोह्यांसारखा बोटांनी निघून आला. वर, खोलीत, त्या जागेचं व्हिनाइल अगदी चकचकीत होतं.

अशा वेळी वरून नवं प्लायवुड ठोकून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. खालचं ओलं लाकूड त्यात कोंडलं जातं, तळाची जाडी वाढते आणि स्लाइड बंद होताना घासते. लाकडात भिनणारं पातळ इपॉक्सीही सैल पडलेल्या धाग्यांना थोडं घट्ट करतं, एवढंच. जिथे स्लाइड सरकवणाऱ्या रोलरवर वजन येतं, तिथे कुजलेल्या फळीला त्याने पुन्हा बळ येत नाही.

दुरुस्तीची सुरुवात पाणी थांबवण्यापासून करावी. एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने बाहेरून होजने हलकं पाणी सोडावं. आधी खालची कड, मग बाजूचे सील, शेवटी वरची कड. क्रम खालून वर ठेवला तरच पाणी नेमकं कुठून शिरतं ते कळतं.

नंतर स्लाइड पूर्ण बाहेर काढून वीज आणि बॅटरी दोन्हींची जोडणी तोडावी. स्लाइडच्या पेटीखाली जाड फळी घालून जॅक स्टँडचा आधार द्यावा. बाहेरची भिंत तळाच्या कडेवरच उभी असते, त्यामुळे आधाराशिवाय कड कापली तर भिंत खाली बसते. टोच्याने टोचत आत जावं; टोक अडेल तिथून आणखी काही इंच पुढे, घट्ट लाकडात कापावं. उरलेला भाग पंखा लावून वाळवावा. कुजवणारी बुरशी २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यात वाढत नाही, म्हणून मॉइश्चर मीटरचा आकडा १५ च्या आसपास येईपर्यंत नवा तुकडा बसवण्याची घाई करू नये.

नवं प्लायवुड मरीन दर्जाचं आणि जुन्या फळीच्याच जाडीचं घ्यावं, कारण रोलर आणि सील त्या जाडीला बेतलेले असतात. सांधा अर्ध्या जाडीची खाच पाडून एकावर एक बसवावा. सगळ्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांच्या आतही इपॉक्सी लावावं. वाळवीपासून वाचवणारं रसायन भरलेलं प्लायवुड इथे सोयीचं वाटतं, पण अमेरिकेत २००४ पासून घरगुती वापराच्या अशा लाकडात मुख्यतः तांब्याची संयुगं असतात. ओल लागली की ती ॲल्युमिनियमची चौकट आणि साधे स्क्रू खातात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरावेत.

शेवटी खालच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी ब्युटाइल टेपवर बसवावी. तिचं टोक तळाच्या खाली किंचित उतरलेलं असावं, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. फाटका सील त्याच वेळी बदलावा. नवी फळी जुन्या फाटक्या रबराच्या भरवशावर सोडली तर तीही कुजते.

विम्यावर फार विसंबू नये. अचानक झालेलं नुकसान भरून मिळू शकतं. हळूहळू झिरपून कुजलेलं सहसा वगळलेलं असतं.

जुना ट्रेलर घेताना हीच पाहणी व्यवहाराआधी करावी. प्रत्येक स्लाइड पूर्ण बाहेर काढायला सांगावी, टॉर्च घेऊन खाली आडवं व्हावं आणि बाहेरचे दोन्ही कोपरे बोटाने दाबून पाहावेत. काळा कागद फुगलेला दिसला किंवा पट्टीचे स्क्रू पिळल्यावर नुसतेच फिरले, तर तळ बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलावं. विकणारा स्लाइड उघडायलाच तयार नसेल, तर दुसरा ट्रेलर बघावा.