आज्ञावलीची टिपणवही : काय उतरवावे, कसे उतरवावे



संकेतस्थळे घडविणाऱ्याला रोज सारेच नव्याने लिहावे लागत नाही. भ्रमणध्वनी क्रमांक दहा अंकी आहे का ते तपासणे, यादी अकारविल्हे लावणे, तारीख मराठीत दाखविणे, असे कोडचे लहान तुकडे पुन्हा पुन्हा लागतात. म्हणून तो ते जमवून ठेवतो. आम्ही इतिहासाचे शिक्षक. आमच्या दृष्टीने अशी वही हे एक साधनच होय, आणि साधनाला आपण जे प्रश्न विचारतो तेच तिलाही विचारले पाहिजेत : हे कोणी लिहिले, केव्हा, कशासाठी?

ही प्रथा संगणकाइतकीच जुनी आहे. ग्रेस हॉपर आणि त्यांचे सहकारी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-१ या यंत्रावर काम करीत, तेव्हा उपयोगी ठरलेल्या आज्ञा ते वह्यांत उतरवून ठेवीत व एकमेकांच्या वह्यांतून घेत. मात्र नक्कल करताना चुका होत. ही जुळवाजुळव यंत्रानेच करावी, हा विचार हॉपर यांनी पुढे नेला आणि १९५२ साली आपल्या कंपायलरची कल्पना जगापुढे मांडली.

नुसती नक्कल किती फसवी असते, ते एका उदाहरणाने पाहू. जावास्क्रिप्ट या भाषेत महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी ०, जून ५. शाळेच्या दिनदर्शिकेत २६ जून ही राजर्षी शाहू महाराजांची जयंती नोंदविताना महिन्याच्या जागी सवयीने ६ लिहिले, तर पडद्यावर २६ जुलै उमटेल. आता २६ जुलै १९०२ हा करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणाऱ्या महाराजांच्या आदेशाचा दिवस. तीही तारीख ओळखीची, त्यामुळे चूक कोणाला खटकणारच नाही! म्हणून त्या तुकड्याशेजारी 'महिना शून्यापासून' हे दोन शब्द हवेतच.

दुसरे उदाहरण आपल्या लिपीचे. 'शाहूवाडी' या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. युनिकोडनुसार मात्र चार व्यंजने व चार स्वरचिन्हे मिळून आठ चिन्हे होतात. अर्जातील गावाच्या रकान्याला सहा चिन्हांची मर्यादा घातली, तर 'शाहूवा' एवढेच उरेल. ज्याचे नाव असे तुटते, त्याचा अर्जही अडू शकतो.

तसाच २३५८ हा आकडा. इंग्रजी शून्याचा युनिकोड क्रमांक ४८, देवनागरी शून्याचा २४०६; फरक २३५८. इंग्रजी अंकाच्या क्रमांकात तो मिळविला की तोच अंक देवनागरीत येतो. हे कारण लिहिले नाही, तर सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही तो आकडा कोड्यासारखा वाटेल.

तेव्हा प्रत्येक तुकड्यासोबत पाच गोष्टी लिहाव्यात : तो कोणते काम करतो, कोठून घेतला, कोणत्या तारखेला चालवून पाहिला, कोठे चुकतो, आणि असाच का लिहिला. यांतील शेवटची गोष्ट बहुधा गाळली जाते, आणि तीच सर्वांत मोलाची असते. संकेतशब्द मात्र वहीत कधीही लिहू नयेत.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणकाविषयी विचारावे असे वडीलधारे कोणी नाही. शहरातील मुलाला जे भावाकडून किंवा शेजाऱ्याकडून सहज कळते, ते येथे वहीनेच सांगावे लागते. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसतो, तेव्हाही वही हाताशी असते. म्हणून ती पेटीत कुलूपबंद ठेवू नये. वर्षअखेर खालच्या वर्गातील एका विद्यार्थ्याला ती द्यावी, आणि त्याला तुम्हांला काहीही न विचारता एक तुकडा चालवून पाहण्यास सांगावे. तो जेथे अडेल, तेथे तुमची नोंद अपुरी आहे असे समजावे, आणि ती त्याच्यासमोरच पूर्ण करावी.