उन्हाळी पादत्राणाची निवड
(इयत्ता पाचवी : गणित, परिसर अभ्यास व आरोग्य यांचा समवायी पाठ, तासिका २)

‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण वहाणेस कमी लेखते. परंतु मे महिन्यात भंडारा जिल्ह्यातील पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो व डांबरी रस्ता हवेहूनही कितीतरी अधिक तापतो, तेव्हा त्याच वहाणेवाचून चार पावले टाकणे कठीण होते. सकाळची शाळा सुटून मुले घरी परततात, ती वेळ ऊन चढण्याचीच असते. असे असूनही पादत्राण घेताना रंग पाहिला जातो, किंमत पाहिली जाते. पाऊल मात्र मोजले जात नाही. पावलास साजेसे पादत्राण निवडण्याची सवय शाळेतून लावता येण्यासारखी आहे. त्या दृष्टीने पुढील पाठ घ्यावा.

साहित्य : जुनी वर्तमानपत्रे, पेन्सिली, मोजपट्टी, कातडी चप्पल, रबरी चप्पल व टाचेमागे पट्टा असलेले सँडल. हे नमुने शिक्षकांनी स्वतः आणावेत. मुलांच्या पायांतील पादत्राणे नमुना म्हणून मागू नयेत.

प्रस्तावना : ‘अनवाणी चालल्यास काय होते?’ असा प्रश्न विचारावा. चटका, काटा, विंचू अशी उत्तरे येतील. डोळ्यांना न दिसणारा धोका शिक्षकांनी सांगावा. मलाने दूषित झालेल्या ओलसर मातीतील अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. पुढे आतड्यात राहून रक्त शोषतात व मूल निस्तेज होते. २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून दिली जाणारी गोळी या कृमींचा नाश करते. परंतु त्यांचा नव्याने होणारा शिरकाव शौचालयाचा वापर व पायातील वहाण हीच रोखू शकतात.

हेतुकथन : ‘आज आपण आपले पाऊल मोजू व त्याला योग्य वहाण कशी निवडावी ते पाहू.’

विषयविवेचन

१. पाऊल मोजणे. प्रत्येक मुलाने वर्तमानपत्रावर ताठ उभे राहावे व सोबत्याने पेन्सिल उभी धरून पावलाची कड आखावी. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी व सर्वांत रुंद भागाची रुंदी मोजावी. दोन्ही पावले मोजणे आवश्यक आहे, कारण ती बहुधा तंतोतंत सारखी नसतात. डावे १९.६ व उजवे २०.१ सेंटिमीटर भरल्यास २०.१ हेच माप धरावे. त्यात सुमारे १ सेंटिमीटर मिळविले म्हणजे वहाणेच्या आतील लांबी २१.१ सेंटिमीटर येते. दिवसभराच्या चालण्याने व उष्णतेने पाऊल किंचित फुगते. म्हणून हेच माप सायंकाळी घरी पुन्हा घ्यावयास सांगावे.

दुकानातील अंक बहुधा इंग्रजी पद्धतीचे असतात. एका अंकाचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. हे परिमाण जवाच्या दाण्यावरून आले : तीन दाण्यांचा एक इंच. भारतीय पावलांसाठी स्वतंत्र परिमाण असावे म्हणून चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली आणि ‘भा’ ही पद्धती सुचविली. आपली पावले पाश्चात्यांच्या पावलांहून रुंद असतात, असे तीत दिसून आले. यास्तव अंक जुळला तरी रुंदी तपासल्यावाचून खरेदी करू नये.

२. तळ व पट्टे तपासणे. वहाण दोन्ही टोकांस धरून वाकवावी. ती बोटांच्या सांध्याशी वाकावी. मधोमध दुमडली तर तळ कच्चा समजावा. तळाखाली खाचा असाव्यात. पट्ट्याची आतील शिवण बोटाने चाचपून पाहावी. बोटास टोचणारी शिवण घामेजलेल्या पायास फोड आणल्यावाचून राहत नाही.

३. कातडे की रबर? हिरडा व बाभळीची साल यांनी कमावलेले कातडे घाम शोषते. कोल्हापुरी चप्पल अशाच कातड्याची. नवी असता ती चावते. म्हणून थोडे तेल लावून प्रथम घरातच वापरावी. ती भिजवू नये, भिजल्यास सावलीत वाळवावी. या चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्हे येतात. २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने तशाच घाटाची सँडल मिलान येथे मांडली व आक्षेपानंतर त्यामागील प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. ज्या हातांनी हे घडविले, त्या चर्मकार कारागिरांविषयी मुलांच्या मनात आदर निर्माण करण्याची ही संधी आहे.

रबरी चप्पल स्वस्त व पाण्यास टिकाऊ. बोडी, बांध्या व तलावांच्या या जिल्ह्यात तिचा उपयोग मोठा. परंतु झिजलेला तळ ओल्या जागी घसरतो व तापलेल्या रस्त्याची धग पायास लागते.

४. प्रवास. एस.टी.त फार वेळ पाय खाली सोडून बसल्याने घोट्याशी सूज येते. तेव्हा सैल करता येणारे पट्टे सोयीचे. आंबागडासारख्या किल्ल्याच्या सहलीस टाचेमागे पट्टा असलेले सँडलच घालावे. प्रवासासाठी नवी वहाण ऐनवेळी घेऊ नये. किमान आठवडाभर वापरलेलीच न्यावी.

संकलन : फळ्यावर चार शब्द लिहावेत : लांबी, रुंदी, तळ, पट्टा. प्रत्येकाची कसोटी मुलांकडून वदवून घ्यावी.

उपयोजन : घरातील सर्वांची पावले मोजून तक्ता करावा. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांच्या पायास बधिरता येऊ शकते व चावणारी वहाण त्यांना कळत नाही. त्यांचे तळवे रोज पाहण्याचे काम मुलांनी घ्यावे.

शिक्षकांस सूचना : ‘दोन वर्षे पुरेल’ म्हणून पालक मोठ्या मापाची वहाण घेतात. ती सांभाळण्यासाठी मूल बोटे आवळून चालते, अडखळते आणि अखेर ती घरीच ठेवून अनवाणी येते. पैसा वाचत नाही व पायही वाचत नाही. पालकसभेत हे समजावून सांगावे. वर्गात एखादे मूल अनवाणी असल्यास त्याचे नाव घेऊ नये, त्यास पुढे उभे करू नये. त्याच्याही पावलाचे माप इतरांबरोबरच घ्यावे व तो कागद जपून ठेवावा. गावातून साहाय्य मिळविताना तेच माप उपयोगी पडेल आणि मिळालेली वहाण त्या मुलाच्या पायास बरोबर बसेल.