बंदीच्या काळात दुकान उघडं ठेवता येतं का? गोल्फच्या मैदानाचं उदाहरण

ओझरला विघ्नहराच्या दारात हार-दूर्वा, पेढ्यांचं दुकान टाकायचं मनात असेल, तर आज थोडं गोल्फबद्दल बोलू. हसू नका, काम तुमचंच आहे.

२०२० मध्ये बरेच जण म्हणायचे, "आमचा धंदा उघड्यावर, गर्दी नाही, मग बंद का?" गोल्फइतकं मोकळं मैदान कुठलं? तरी मार्चच्या टाळेबंदीत तेही बंद झालं. आपलं लॉजिक कितीही बरोबर असो, आदेशात काय लिहिलंय तेच चालतं. २९ जुलैला राज्याचा 'मिशन बिगिन अगेन'चा आदेश निघाला. त्यात गोल्फ, टेनिस आणि चक्क मल्लखांब नावानिशी आले, आणि ५ ऑगस्टपासून अंतर राखून खेळायला परवानगी मिळाली. पोहण्याचे तलाव मात्र बंदच. देवळंही बंद; ती उघडली १६ नोव्हेंबरला, पाडव्याला.

आता ओझरला या. दुकानाला ठरल्या वेळेत परवानगी, पण देऊळ बंद. शटर कायद्याने वर, गिऱ्हाईक शून्य, भाडं चालू! म्हणून आदेश वाचताना दोन नावं शोधायची: आपल्या धंद्याचं, आणि आपल्याकडे गिऱ्हाईक आणणाऱ्या जागेचं.

हद्दसुद्धा बघा. पुणे शहर महापालिकेत, ओझर ग्रामपंचायतीत. जिल्हा एक असला तरी नियम वेगळे. त्यात गाव प्रतिबंधित क्षेत्रात गेलं की आणखी कडक. आणि तारीख! जून २०२१ मध्ये राज्याने पाच स्तर केले, पॉझिटिव्हिटी आणि ऑक्सिजन बेडवर. तिसऱ्या स्तरात अत्यावश्यक नसलेली दुकानं सोमवार ते शुक्रवार चारपर्यंतच. शनिवार-रविवार बंद, आणि आपली खरी विक्री तर त्याच दोन दिवसांची. देवळं एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली होती, ती थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली.

"शेजाऱ्याने उघडलंय" हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे.

गाळा घेताना भाडेकरारात एक ओळ घालायला सांगा: सरकारी आदेशाने देऊळ बंद असेल तितके दिवस भाडं अर्धं. मालक कुरकुर करेल. सही करायच्या आधीच बोला, नंतर कोण ऐकतंय!