चिमुकल्या भावंडांचे बोलणे : ऐका, हसा आणि लक्ष ठेवा



चार वर्षांची ताई आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ यांचा पुढील संवाद पाहा.

आई : डब्यातला लाडू कुणी खाल्ला?
ताई : कुणीच नाही. बाळाने खाल्ला.
बाळ : मी नाय. लादू गेला.
आई : कुठे गेला?
बाळ : पोतात!

असे प्रसंग घरोघरी घडतात आणि हसू आवरत नाही. मात्र या पाच ओळींत बाळाच्या वाढीची बरीच माहिती दडलेली आहे. त्याने प्रश्न ऐकला, तो समजून घेतला, नकार दिला, दोन शब्द जोडले आणि बोलण्याची आपली पाळी येईपर्यंत थांबले. ‘पोटात’ऐवजी ‘पोतात’ म्हणणे या वयात स्वाभाविक आहे. तसेच ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणणारे मूल चुकत नसून भाषेचा नियम स्वतः शोधून तो सर्वत्र लावून पाहत असते.

अनेक भाषांचे घर

भिलाईच्या पोलाद कारखान्यात 1959 साली उत्पादन सुरू झाले आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कामगार येथे आले. त्यामुळे खुर्सीपारसारख्या वस्तीत घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी, दुकानात हिंदी आणि शेजारी तेलुगू असे मुलाच्या कानावर पडते. मूल ‘आई, मोला पाणी दे’ असे म्हणाले, तर तो गोंधळ समजू नये. अनेक भाषा ऐकल्याने मूल मुके राहत नाही किंवा त्याच्या भाषेच्या वाढीत दोष निर्माण होत नाही. मुलाला किती शब्द येतात हे पाहताना सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावेत. आपल्या मायबोलीत मुलाशी निःसंकोच बोलावे.

घरी काय करावे?

• मूल ‘मी चित्र करलं’ म्हणाले, तर रागावू नये. ‘हो, तू छान चित्र केलंस’ असे सहज म्हणावे. योग्य रूप आपोआप कानावर पडते.
• थोरले मूल अनेकदा धाकट्याच्या वतीने उत्तर देते. त्याला प्रेमाने सांगावे, ‘आता बाळाची पाळी.’ मग मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबावे.
• मुलाबरोबर हसावे, मुलाला हसू नये. बोबड्या बोलांची नक्कल करणे किंवा पाहुण्यांसमोर तेच पुन्हा म्हणावयास लावणे टाळावे. लाजलेले मूल बोलणे कमी करते.
• दोन वर्षांखालील मुलास मोबाइल किंवा दूरदर्शन दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक काळ दाखवू नये. पडदा बोलतो, परंतु मुलाचे ऐकत नाही.

केव्हा तपासणी करावी?

‘याचे बाबाही उशिराच बोलले’, ‘ताईच सगळे बोलते, मग हा कशाला बोलेल?’ अशा समजुतींमुळे मोलाचा काळ वाया जातो. ऐकू कमी येणारे मूलही भावंडाचे हावभाव पाहून खेळते, हसते. त्यामुळे दोष लक्षात येत नाही. पुढील लक्षणे दिसल्यास थांबू नये :

• मोठ्या आवाजाने बाळ दचकत नाही किंवा हाक मारल्यास वळत नाही.
• एक वर्ष झाले तरी ‘बाबा-दादा’ असे आवाज किंवा बोट दाखवणे नाही.
• दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही.
• दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही.
• तीन वर्षांनंतरही बाहेरच्या माणसास मुलाचे बोलणे बहुतांशी समजत नाही.
• कान वाहतो, किंवा येत असलेले शब्द मूल विसरू लागले आहे.

अशा वेळी आपल्या वस्तीतील मितानिन किंवा अंगणवाडी सेविकेस सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करते. गरज भासल्यास मुलास पुढील उपचारासाठी पाठविले जाते. ही सेवा विनामूल्य आहे. मात्र शंका असल्यास पथकाची वाट न पाहता आरोग्य केंद्रात जावे. श्रवणदोष लवकर ओळखल्यास श्रवणयंत्र आणि वाचा-उपचार यांच्या साहाय्याने मूल बोलू शकते.

आज रात्री जेवताना दोन्ही मुलांचे बोलणे पाच मिनिटे शांतपणे ऐका. त्यांपैकी धाकट्याच्या वाट्याला किती शब्द आले, तेवढे पाहा.