तक्रार म्हणजे भांडण नव्हे

आज बाजारहाट, विजेचे बिल, प्रवासाचे तिकीट असे अनेक व्यवहार घरबसल्या कार्डाने होतात. यात सोय आहे, तसा धोकाही आहे. आपण न केलेल्या खरेदीचे पैसे आपल्या कार्डावर लागले तर काय करावे, हे प्रस्तुत पाठात लेखिकेने स्वतःच्या अनुभवावरून सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो,

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी बँकेचे संदेश तुम्हीच वाचून दाखवता. अम्मी किंवा दादी मोबाइल पुढे करते आणि विचारते, "बघ, काय आलं आहे?" म्हणून ही गोष्ट मी तुम्हांलाच सांगणार आहे.

२०२३ सालच्या रमजानमधील ती एक पहाट होती. आम्ही सहरीला उठलो होतो. इतक्यात माझा मोबाइल वाजला. बँकेचा संदेश होता. माझ्या क्रेडिट कार्डावर ८९ रुपयांची खरेदी झाली होती. मी तर काहीच विकत घेतले नव्हते! चुकून आला असेल, असे म्हणून मी मोबाइल बाजूला ठेवला. चहा ओतते न ओतते तोच दुसरा संदेश आला. या वेळी रक्कम होती ६,४५० रुपये. पाठोपाठ तिसरा आला, ९,९८० रुपयांचा. पाच-सात मिनिटांत १६,५१९ रुपये गेले होते. हातातला घास हातातच राहिला.

पहिली रक्कम एवढी लहान का होती, हे मला नंतर कळले. चोराच्या हाती कार्डाचा क्रमांक लागला, की तो आधी थोड्या पैशांची खरेदी करून पाहतो. ती पार पडली, म्हणजे कार्ड चालू आहे हे त्याला समजते. मग तो मोठ्या रकमेला हात घालतो. म्हणून ८९ रुपयांच्या संदेशाकडेही "जाऊ दे" म्हणून दुर्लक्ष करू नका.

तुम्ही विचाराल, "बाई, ओटीपी सांगितल्याशिवाय पैसे गेलेच कसे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. भारतात १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन खरेदी करताना कार्डाच्या क्रमांकाशिवाय आणखी एक खूण पटवावी लागते. आपल्याकडे ती बहुधा ओटीपीची असते. परंतु परदेशातील अनेक संकेतस्थळे ओटीपी मागत नाहीत. कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत संपण्याचा महिना व वर्ष आणि तीन अंकी सीव्हीव्ही एवढे मिळाले, की तेथे खरेदी होऊ शकते.

मी आदल्या वर्षी शाळेच्या वार्षिक अंकासाठी परदेशी संकेतस्थळावरून नस्तालीक लिपीचा एक फाँट विकत घेतला होता. त्यासाठी कार्डावरील परदेशी व्यवहाराची सोय मी बँकेच्या ॲपमधून सुरू केली होती. काम झाल्यावर ती बंद करायला मी विसरले. दार उघडायचे लक्षात राहिले, लावायचे मात्र राहून गेले! माझ्या कार्डाची माहिती नेमकी कोठून फुटली, हे मला आजही ठाऊक नाही. पण ते दार उघडे नसते, तर चोराला आत येता आले नसते.

मी बँकेला फोन लावू लागले. तेव्हा माझे अब्बा म्हणाले, "बेटी, रमजानचा महिना आहे. तकरार नको. ईद होऊ दे, मग बघू."

अब्बांचे बोलणे ऐकून मी क्षणभर थांबले. मग माझ्या लक्षात आले, की हा शब्दाचाच घोटाळा आहे. उर्दूत तकरार म्हणजे वाद, हुज्जत. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे, आपल्यावर झालेल्या अन्यायाची दिलेली खबर. शब्द एकच, पण दोन भाषांत त्याचे अर्थ वेगळे! मी म्हटले, "अब्बा, मी कोणाशी भांडत नाही. मी फक्त खबर देते आहे. चोरी झाल्याचे आज सांगितले नाही, तर उद्या कोण ऐकेल?" अब्बांनी मान हलवली आणि स्वतःच चष्मा लावून कार्डामागचा क्रमांक मला वाचून दाखवला.

आता मी काय काय केले, ते क्रमाने सांगते. नीट लक्षात ठेवा.

सर्वप्रथम मी बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद केले. चोरी थांबवणे हे पहिले काम. हिशेब नंतर.

त्यानंतर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन केला. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. तेथे ठकांनी बँकेच्या नावाने खोटे क्रमांक टाकलेले असतात. फोनवर मी तिन्ही रकमा व त्यांच्या वेळा सांगितल्या. तक्रारीचा क्रमांक विचारून घेतला आणि वहीत लिहिला. शेजारी वेळ लिहिली: पहाटे ४ वाजून २५ मिनिटे.

मग १९३० या क्रमांकावर फोन केला. सायबर ठकबाजीची खबर देण्यासाठी हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. येथे खबर लवकर पोहोचली, तर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणारे पैसे वाटेतच अडवता येतात. याच कामासाठी केंद्र सरकारचे सायबर गुन्हे नोंदवण्याचे संकेतस्थळही आहे. ते २०१९ साली सुरू झाले.

सकाळी दहा वाजता बँकेच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. हा कागद जपून ठेवा. तोंडी बोलणे हवेत विरते. शिक्क्याचा कागद मात्र साक्ष देतो.

एवढी घाई कशासाठी? त्याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचीही नसेल, माहिती तिसरीकडेच कोठून फुटली असेल, तर त्याचा भार कोणावर, हे त्यात ठरवून दिले. बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याने एक रुपयाही सोसायचा नाही. ४ ते ७ दिवसांत कळवले, तर काही भार त्याच्यावर येतो. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी तो जास्तीत जास्त १०,००० रुपये ठरवला होता. त्याहून उशीर झाला, तर बँकेच्या धोरणाप्रमाणे निर्णय होतो. संदेश आला तो दिवस व सुट्टीचे दिवस यांत मोजत नाहीत. आता विचार करा. अब्बांचे ऐकून मी ईदपर्यंत थांबले असते, तर काय झाले असते?

याच परिपत्रकाप्रमाणे बँकेने कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत ती रक्कम ग्राहकाच्या खात्यावर जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. चूक ग्राहकाची होती, असे बँकेला म्हणायचे असेल, तर ते बँकेनेच सिद्ध करायचे असते. माझे १६,५१९ रुपये आधी तात्पुरते जमा झाले आणि दोन महिन्यांनी निकाल माझ्या बाजूने लागला. मधल्या काळात कार्डाचे बिल आले. त्यात माझ्या खऱ्या खरेदीचे २,३४० रुपये होते. ते मी वेळेवर भरले. वाद चोरीच्या रकमेचा होता. स्वतःच्या देण्याचा नव्हता.

आता दुसरी गोष्ट ऐका. ती आमच्या शेजारच्या खालांची आहे. त्यांना एका माणसाचा फोन आला. "मी बँकेतून बोलतो," असे म्हणून त्याने त्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप घ्यायला लावले. त्या ॲपमुळे त्यांच्या मोबाइलवर दिसणारे सारे त्या माणसाला दूर बसून दिसू लागले. ओटीपीसुद्धा! पहिल्या दिवशी त्यांच्या खात्यातून ४,००० रुपये गेले. खालांना चूक उमगली. पण मुलगा रागावेल, लोक हसतील, या भीतीने त्या गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी ७,५०० रुपये गेले. सहाव्या दिवशी ११,००० गेले. बाराव्या दिवशी त्या आमच्या घरी येऊन रडल्या. ते पैसे परत मिळाले नाहीत.

खालांनी चूक केली, हे खरे. परंतु नियम काय सांगतो? ग्राहकाने स्वतःच माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे; कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. खालांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर ४,००० गेले असते. पुढचे १८,५०० वाचले असते. चोराने ४,००० नेले. उरलेले १८,५०० त्यांच्या लाजेने नेले.

म्हणून घरात कोणाची अशी फसवणूक झाली, तर हसू नका, रागावू नका. "कधी झाले? कार्ड बंद केले का?" हे दोन प्रश्न आधी विचारा. तुमच्या हातून चूक झाली, तरी त्याच क्षणी वडीलधाऱ्यांना सांगा. मार बसेल या भीतीने लपवलेली गोष्ट रोज महाग होत जाते.

काही सवयी आजपासूनच लावून घ्या. घरातील कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय लागत नसेल, तर ती बंद ठेवायला सांगा. ऑनलाइन खर्चाची मर्यादा कमी ठेवायला सांगा. बँकेचे संदेश रोज वाचा. ओटीपी, पिन व सीव्हीव्ही कोणालाही सांगू नका. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. तक्रार करून ३० दिवस झाले आणि बँकेने उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क पडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातील पैसा कोणाच्या तरी घामाचा आहे. कोणी यंत्रमागावर रात्रपाळी करतो, कोणी शिवणयंत्रावर डोळे ताणतो. तो पैसा राखण्यासाठी चार ओळी मराठीत लिहिता येणे, हीसुद्धा मोठी मदत आहे. मराठीचा तास केवळ गुणांसाठी नसतो. तक्रार लिहिणारा माणूस भांडखोर नसतो. तो आपला हक्क मागत असतो.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
.......... बँक, .......... शाखा.

विषय : क्रेडिट कार्डावरील न केलेल्या खरेदीबाबत तक्रार.

महोदय,
माझ्या क्रेडिट कार्डावर (शेवटचे चार अंक ....) दिनांक ........ रोजी ........ वाजता ........ रुपयांची खरेदी झाल्याचा संदेश मला मिळाला. ही खरेदी मी केलेली नाही. ओटीपी किंवा अन्य गुप्त माहिती मी कोणासही दिलेली नाही. मी त्याच दिवशी ........ वाजता फोनवरून कळवले असून तक्रार क्रमांक ........ आहे. कृपया ही रक्कम माझ्या खात्यावर जमा करावी, ही विनंती.

आपला विश्वासू / आपली विश्वासू,
(सही, नाव, दिनांक)

शब्दार्थ
गाऱ्हाणे – शिकायत. ठक – फसवणारा माणूस. परिपत्रक – सर्वांना पाठवलेले सरकारी किंवा कार्यालयीन पत्र. शुल्क – फी. लोकपाल – तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. दाद मागणे – न्याय मागणे. भार सोसणे – नुकसान स्वतः भरून देणे. हवेत विरणे – नाहीसे होणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेला पहिला संदेश किती रुपयांचा आला?
(आ) लेखिका बँकेच्या ॲपमध्ये काय बंद करायला विसरली होती?
(इ) सायबर ठकबाजीची खबर देण्याचा मदत क्रमांक कोणता?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) चोर आधी लहान रकमेची खरेदी करतो.
(आ) बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये.
(इ) खालांचे नुकसान वाढत गेले.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘तक्रार’ या शब्दामुळे अब्बांचा कोणता गैरसमज झाला?
(आ) "उरलेले १८,५०० त्यांच्या लाजेने नेले," असे लेखिका का म्हणते?

प्र. ४. भाषाभ्यास. रक्कम, अर्ज, मुदत, तारीख, दाद, वसूल हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा. कोणत्या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत सारखा आहे, ते वर्गात सांगा.

प्र. ५. उपक्रम. वरील नमुना पाहून अर्ज वहीत लिहा. तो घरी मोठ्यांना वाचून दाखवा.