धडकलो आपणच, मग भरपाई कुणाकडून?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ, वय २८, ट्रॉलरवर खलाशी आहे. तीन महिन्यांपूर्वी पहाटे साडेचारला तो मोटरसायकलने मालवणहून कसालकडे चालला होता. चौक्याच्या पुढे एका वळणावर टायर फुटलेला खडीचा डंपर रात्रीपासून उभा होता. मागे दिवा नव्हता, त्रिकोण नव्हता. चार दगड आणि ऐनाचा टाळ तेवढा टाकलेला. भाऊ मागून आपटला. मांडीचं हाड मोडलं, गुडघा गेला, गोव्यात बांबोळीला ऑपरेशन करून रॉड घातला. वाडीतले सगळे म्हणतात, ‘डंपर उभोच होतो, ह्योच जावन आपाटलो. आता कोण पैसे देतलो?’ डंपरमालकाने चहाला बोलावून वीस हजार देऊ केले आहेत आणि स्टॅम्पपेपरवर सही मागतोय. उभ्या गाडीला आपणच धडकलो तर भरपाई मिळते का?
— एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : ताई, आधी ती सही थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

वाडीतल्यांचा तर्क वरवर बिनतोड वाटतो. चालत्या गाडीने उभ्याला ठोकलं, म्हणजे चूक चालत्याची. पण मोटार वाहन कायद्यात ‘धडक’ या शब्दाला फारसं महत्त्व नाही. तिथे विचारतात ते एवढंच, की अपघात मोटार वाहनाच्या ‘वापरातून’ घडला का. आणि या ‘वापर’ शब्दाचा अर्थ किती लांब जातो, हे ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आपल्या महाराष्ट्रातल्याच एका पहाटेचा आहे.

२९ ऑक्टोबर १९८७, पहाटे तीनचा सुमार. सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा कांद्याचा ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याच्या खाली जाऊन आडवा झाला आणि पेट्रोल गळू लागलं. तसेच चार तास गेले. उजाडल्यावर आसपासची माणसं तिथे जमली, आणि सातच्या सुमाराला स्फोट होऊन भडका उडाला. अनेक जण गेले. टँकरच्या बाजूने युक्तिवाद असा झाला की गाडी तेव्हा चालत नव्हती, आडवी पडली होती, मग ‘वापर’ कसला? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. गाडी उभी असो, बिघडून थांबलेली असो की उलटलेली असो, तिचा वापर संपत नाही, आणि चार तासांनी झालेला स्फोटसुद्धा त्या वापरातूनच घडला, असं न्यायालयाने धरलं. तो वाद चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या तातडीच्या रकमेपुरता होता. पण ‘वापर’ या शब्दाचा तिथे लावलेला अर्थ आजही प्रत्येक दावा न्यायाधिकरणात चालतो.

तेव्हा तुमचा डंपर रात्रभर मुकाट उभा होता म्हणून सुटत नाही. उलट तसा उभा होता हीच त्याची चूक. रहदारीला धोका होईल अशा जागी गाडी सोडून जाऊ नये, हे कलम १२२ सांगतं. मागे लाल परावर्तक पट्टी लागते आणि बिघाड झाला तर ठेवायला त्रिकोण गाडीत असावा लागतो. चिखल आणि डिझेलच्या थराखाली ती पट्टी कधीच दिसेनाशी होते, ही गोष्ट वेगळी. ऐनाचा टाळ दिवसा कामाचा. पहाटे साडेचारला अंधारात तो जमिनीसारखाच काळा.

आता, तुमच्या भावाचा काहीच दोष धरला जाणार नाही का? डंपरच्या विमा कंपनीचा वकील नक्की विचारणार, हेडलाइट चालू होता ना, मग ब्रेक का नाही लावला? याला ‘सहभागी निष्काळजीपणा’ म्हणतात. जितके टक्के दोष, तितके टक्के रक्कम कापली जाते. पण २०२४ चा एक निवाडा तुमच्या वकिलाच्या फायलीत पाहिजेच. रस्त्याच्या मध्ये दिवे-खुणांविना उभ्या असलेल्या अवजड ट्रकवर मोटार आदळली होती आणि न्यायाधिकरणाने मोटारचालकाचा निम्मा दोष धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निम्मा दोष पुसून टाकला आणि सगळी जबाबदारी ट्रकवर ठेवली. तुमच्याकडेही शंभर टक्के असंच होईल अशी हमी मी देणार नाही, कारण वळण कसं होतं, डंपर किती रस्ता अडवून होता यावर बरंच अवलंबून असतं. पण ‘ह्योच जावन आपाटलो’ एवढ्यावर दावा बुडत नाही, हे नक्की.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारतो. दवाखान्यात पहिल्यांदा काय सांगितलंत? आपल्याकडे पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक डॉक्टरांना सांगून टाकतात, ‘गाडीवरून पडला.’ डॉक्टर तेच लिहून घेतात. मग वर्षभराने ओरोसच्या कोर्टात तो केसपेपर समोर येतो आणि त्यावरच्या दोन शब्दांत डंपर कुठेच नसतो. असे दावे दुबळे पडतात ते कायद्यामुळे नव्हे, तर त्या दोन शब्दांमुळे. तुमच्याकडे तसं झालं असेल तर लपवू नका, वकिलाला आधीच सांगा. घटनास्थळाचा पंचनामा, डंपरचा फोटो, त्याच वेळी तिथून गेलेला दूधवाला किंवा रिक्षावाला यांनी ते सावरता येतं. गुन्हा तुमच्या भावावरच नोंदला गेला असला तरी घाबरू नका. एफआयआर हा न्यायाधिकरणासाठी शेवटचा शब्द नसतो.

डंपर तिथे का थांबला होता, हेही शोधायला हवं. टायर फुटला म्हणता. का फुटला? आपल्या जिल्ह्यात वाळू, खडी मोजतात ब्रासमध्ये आणि आरटीओ मोजतं टनात. या दोन मापांच्या मधल्या फटीत बरेच अपघात दडलेले असतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट. खाडीतून काढलेली ओली वाळू ढोबळमानाने ब्रासला साडेचार-पाच टन भरते. दहा चाकी, तीन आसांच्या गाडीचं भरल्यावरचं एकूण वजन २०१८ च्या वाढीव मर्यादेनुसार २८.५ टन. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा आणि हौद्यावर फळ्या लावून शिगोशीग भरलेले डंपर आठवा. पैसे खेपेवर मिळत असतील तर ड्रायव्हरला जुना टायर बदलायलाही सवड नसते. मी ड्रायव्हरला फार दोष देत नाही, तोही कुणाच्या तरी हिशेबावर पळत असतो. पण त्या रात्रीचा वाहतूक पास आणि काट्याची पावती मिळवता आली तर दाव्यात त्यांचं मोल मोठं.

आता रकमेकडे वळू. इथे भाऊ खलाशी आहे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. डॉक्टर अपंगत्वाचा दाखला देतील, समजा २० टक्के. पुष्कळ जण तो आकडा अंतिम मानतात. सर्वोच्च न्यायालयाने मात्र शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. न्यायालयाचंच उदाहरण असं, की डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ सगळी कमाई गमावतो, पण सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. वाकत नसलेला गुडघा घेऊन टेबलाशी बसता येतं. हलत्या ट्रॉलरवर जाळं ओढता येत नाही.

आकड्यांत पाहू. महिन्याची कमाई १५,००० धरली तर वर्षाचे १,८०,०००. वय चाळिशीच्या आत आणि पगारी नोकरी नाही, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, झाले २,५२,०००. वय २६ ते ३० असेल तर गुणक १७, म्हणजे ४२,८४,०००. दाखल्यातले २० टक्के धरले तर ८,५६,८०० येतात. कमाईचं नुकसान ४० टक्के पटवून दिलं तर १७,१३,६००. भावावर २५ टक्के दोष ठेवला तरी १२,८५,२०० उरतात. शिवाय औषधपाणी, बांबोळीच्या फेऱ्यांचं गाडीभाडं, सोबत राहणाऱ्याची बुडलेली मजुरी आणि भोगलेल्या वेदना हे सगळं वेगळं. हे आकडे समजण्यापुरते आहेत. तरी मालकाचे वीस हजार यांच्या शेजारी ठेवून बघा.

कमाई सिद्ध कशी करायची? खलाशाला पगारपत्रक नसतं, वाटा असतो. ट्रॉलरमालकाची साक्ष, मच्छीमार सोसायटीचा दाखला, बँकेचं पासबुक, मासळीच्या लिलावाच्या चिठ्ठ्या, जे असेल ते गोळा करा. जून-जुलैची मासेमारी बंदी पुढे करून कंपनी दोन महिने कापायला बघेल. त्या काळात तो जाळी विणतो किंवा भातलावणीला जातो, हेही साक्षीत आलं पाहिजे.

दावा करायची मुदत सहा महिन्यांची आहे आणि तीन गेले. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. नियमाने पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि तोच अहवाल दावा म्हणून चालू शकतो. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करून त्याची प्रत मागा. दावा ओरोसच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात कोल्हापुरात झाला असता तरी राहत्या जिल्ह्यात दावा करता आला असता, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊकच नसतं.

कलम १६४ खाली कुणाची चूक ते सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. कंपनी ते पटकन देऊ करील. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. वरचा हिशेब बघता तुमच्यासाठी तो मार्ग नाही, असं माझं मत. डंपरच्या ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स नव्हतं असं निघालं तरी बहुतेक वेळा न्यायालय कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. वकिलाची फी जड वाटत असेल तर ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. लोकअदालतीत तडजोड वाईट नसते, फक्त तिथे वकील सोबत असावा आणि कागद न्यायाधीशांसमोर व्हावा. चहाच्या टपरीवर नव्हे.

प्रश्न : मासळीच्या टेम्पोतून सांडलेल्या पाण्यावर माझी स्कूटर घसरली आणि मनगट मोडलं. टेम्पो कोणता ते माहीत नाही. काही होईल का?
— मालवण

उत्तर : रस्त्यावर सांडलेलं मासळीचं पाणी तेलासारखं निसरडं असतं, आणि ते वाहनाच्या वापरातूनच सांडलेलं आहे. वर कवठ्याची गोष्ट सांगितली, तिचाच धागा धरून हे मांडता येईल. वाहनाची ओळख पटली नाही तर पळून गेलेल्या वाहनाच्या योजनेखाली अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यात गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. पूर्वी साडेबारा आणि पंचवीस हजार होते. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात द्यायचा. मोडलेलं हाड कायद्याने गंभीर दुखापतच. अडचण आहे ती पुराव्याची. रस्त्याचा फोटो काढला होता का? पुढे कुणावर अशी वेळ आली तर ऊन चढायच्या आत काढून ठेवा. नऊ-साडेनऊनंतर तिथे चार खवलं उरतात, पाणी नाही.