मामाची दुनळी : एक स्पेसिफिकेशन

मेकॅनिकलचा विद्यार्थी सुट्टीत घरी गेला की मिक्सरपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं त्याच्यापुढे दुरुस्तीला येतं, हा अनुभव तुम्हालाही असेल. माझ्यापुढे मागच्या दिवाळीत चक्क बंदूक आली.

माझ्या मामाची सावंतवाडीजवळ नारळी-पोफळीची बाग आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात आजोबांच्या काळापासून एक विलायती दुनळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवाना आहे म्हणून जनावर मारता येत नाही. त्यामुळे तिचा उपयोग बहुतेक हवेत बार काढून रानडुकरं हाकलायला. ती आता खिळखिळी झाली होती. बदलण्याची मंजुरी मिळाली होती आणि नवी मागणीप्रमाणे बनवून घ्यायची होती. मामा म्हणाला, "तू इंजिनेर मा? मग सांग, नव्या बंदुकीत काय काय व्हया ता."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तसं सांगतो कोण? चार दिवस वाचन केलं, जुनी बंदूक उघडून मापं घेतली. त्यातून जे शिकलो ते इथे देतो.

१. चेंबर : आधी 'बारा बोअर' म्हणजे काय ते पाहू. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर एका गोळ्याचा जो व्यास, तो नळीचा व्यास. शिशाची घनता घेऊन गणित करा, १८.५ मि.मी. येतं. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ते चेंबर. त्याची लांबी ६५, ७० किंवा ७६ मि.मी. असते. गोम अशी की काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यावर तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. न उडवलेलं ७० चं काडतूस दुमडलेलं, म्हणून आखूड असतं, आणि ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं. बार होताना मात्र त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो.

हे वाचून मी जुन्या बंदुकीच्या नळ्या काढून उलट्या केल्या. खालच्या सपाट भागावर '२½' कोरलेलं होतं. अडीच इंच, म्हणजे ६५. फडताळातल्या सगळ्या खोक्यांवर ७० छापलेलं! मामा कित्येक वर्षं तेच उडवत होता. माझ्या तर पोटात गोळाच आला. १२ बोअरच्या साध्या ७० च्या काडतुसाला युरोपातल्या नियमांप्रमाणे ७४० बारपर्यंत दाब चालतो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार असतो, यावरून अंदाज घ्या. आणि ही नळी मामाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. म्हणून यादीत पहिली ओळ : चेंबर ७० मि.मी., आणि प्रूफ-टेस्टचा शिक्का पाहिल्याशिवाय ताबा घ्यायचा नाही.

२. वजन : मामाची दुसरी तक्रार, "खांदो दुखता." आपण फर्स्ट इयरला शिकलेला संवेगाचा नियम इथे लावू. ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटले तर संवेग १२.८. वायू आणि बूच सोडून द्या. जुनी बंदूक २.७ किलोची. ती सेकंदाला ४.७ मीटर वेगाने मागे येते, ऊर्जा सुमारे ३० ज्यूल. इंग्लंडमध्ये जुना ठोकताळा आहे की बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. म्हणजे ३.१ किलो. तेवढ्याने ऊर्जा २६ ज्यूलवर येते. फार जड केली तर रात्री बागेत खांद्यावर वागवणार कोण? म्हणून ३.१ लिहिलं.

३. दस्ता : मामा उंचीला पाच फूट तीन इंच. साधारण दस्ता चापापासून टोकापर्यंत साडेचौदा इंच असतो. बंदूक खांद्याला लावून पाहिली तेव्हा टोक दर वेळी बगलेत अडकत होतं. चौदा इंच सांगितला. लाकूड अक्रोडाचं. त्यावरची नक्षी कशीही असो, मुठीजवळ रेषा लांबीच्या दिशेनेच हव्यात, नाहीतर तिथेच मोडतो.

४. चोक : नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात किती छर्रे पडतात यावर तो ठरतो. पाव चोकला साधारण ५५ टक्के, अर्ध्याला ६०, पूर्ण चोकला ७०. उजवी पाव, डावी अर्धी ही जुनी जोडी आम्ही घेतली. पुढेमागे शिशाऐवजी पोलादी छर्रे आले तर अर्ध्याहून जास्त चोक नको, हाही विचार होता. पोलाद शिशासारखं दबत नाही. त्या छऱ्यांसाठी बंदुकीचं वेगळं प्रूफ मात्र पाहावं लागेल.

५. यंत्रणा : १८७५ साली अँसन आणि डीली यांनी बर्मिंगहॅमला बॉक्सलॉक काढलं. भाग कमी, म्हणून बिघाड कमी. ते घेतलं. चाप दोन, कारण एक बाजू बिघडली तरी दुसरी चालते. रिकामी काडतुसं बाहेर फेकणारा इजेक्टर नको म्हटलं. नुसतं वर उचलणारा एक्स्ट्रॅक्टर पुरे. कोकणच्या पावसात स्प्रिंगा जितक्या कमी तितकं बरं. सेफ्टी हवीच, पण बहुतेक बॉक्सलॉकमध्ये ती फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. म्हणून कुंपण ओलांडताना काडतुसं काढून बंदूक मोडून धरायची, हे मामाकडून वदवून घेतलं.

सगळ्यात शेवटी नक्षीकाम. मामाला मोर हवा होता. म्हटलं, काढ मोर, त्याने दाब वाढत नाही!

यादी एका पानात बसली. मोर केव्हाही कोरता येईल, पण चेंबर, वजन आणि नळ्या ऑर्डर देतानाच ठरतात. जे नंतर बदलता येत नाही ते आधी ठरवायचं. आपल्या प्रोजेक्टचंही तसंच आहे, आपण मात्र कव्हरच्या रंगापासून सुरुवात करतो.

नवी बंदूक येईपर्यंत जुनी बंदच ठेवायची असं ठरलं. निघताना पाहिलं, मामाने ७० ची सगळी खोकी दोरीने बांधून वर ठेवली होती आणि त्यांवर खडूने लिहिलं होतं : 'नव्यासाठी'.